सही करण्याआधी एवढं ऐक

अगं, आधी तुझ्या जिवाला लागलेला घोर काढून टाकते. गाणं तुझंच आहे. त्यासाठी अर्ज, शिक्का, पावती यांतलं काही लागत नाही. तू शब्द वहीत उतरवलेस, चाल मोबाईलवर गुणगुणून ठेवलीस, तेव्हाच 1957 च्या कॉपीराइट कायद्याने त्यावर तुझा हक्क लागला. खडवलीला गाडीत चढल्यापासून कल्याण येईपर्यंत तुला जो तो सांगतो ना, की नोंदणी केली नाहीस तर कोणीही उचलेल आणि तुला तोंड उघडता येणार नाही, ते खरं नाही. कायद्यात नोंदणी ऐच्छिक आहे. मध्यंतरी मुंबई उच्च न्यायालयाच्याच 2012 च्या एका निकालाने, नोंदणीशिवाय दावा लावता येत नाही, असा समज झाला होता. 2021 मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संजय सोया कंपनीच्या खटल्यात तो दूर केला. भांडण होतं खाद्यतेलाच्या वेष्टनावरच्या चित्राचं, पण तो निकाल तुझ्या हळदीच्या गाण्यालाही लागू पडतो. नोंद नसली तरी दावा लावता येतो.

मग नोंदणी करायचीच नाही का? करायची, पण सगळ्याच गाण्यांची नाही, आणि घाबरून तर मुळीच नाही. त्याकडे येतेच. आधी गाण्यातलं तुझं नेमकं काय आहे ते समजून घे, कारण घरातली आणि मंडळातली भांडणं तिथूनच सुरू होतात.

एका गाण्यात तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द तू लिहिलेस तर ते तुझे. चाल मामांनी पेटीवर बसवली असेल तर ती मामांची. आणि ज्याने पुढाकार घेऊन, खर्चाची आणि कामाची जबाबदारी उचलून स्टुडिओत रेकॉर्डिंग करवलं, त्या रेकॉर्डिंगचा हक्क त्याचा. तिघं वेगळे असू शकतात. 2006 च्या 'जत्रा' सिनेमातलं 'कोंबडी पळाली' आठव. शब्द जितेंद्र जोशींचे, चाल अजय-अतुलची. तीच चाल 2012 च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन आली, तेव्हा शब्द होते अमिताभ भट्टाचार्यांचे. चाल तीच राहिली आणि शब्द बदलले, म्हणजे गाणं दोन ठिकाणी सुटं होतं. तुझे शब्द काढून तुझ्या चालीवर दुसऱ्याने शब्द बसवले, तर चालीचा हक्क मोडला. तुझे शब्द घेऊन दुसरी चाल लावली, तर शब्दांचा.

मुदतही सुटी मोजतात. लिहिणारा किंवा चाल लावणारा जिवंत असेपर्यंत, आणि तो गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून आणखी 60 वर्षं. गीतरामायण घे. गदिमा 1977 च्या डिसेंबरात गेले, म्हणून त्यांच्या शब्दांचा हक्क 2037 अखेरपर्यंत. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, 2002 मध्ये गेले, म्हणून चालींचा हक्क 2062 अखेरपर्यंत. पुणे आकाशवाणीवरून 1955 मध्ये सुरू झालेल्या त्या गाण्यांचे शब्द मोकळे होतील, तेव्हाही चाली पंचवीस वर्षं बांधलेल्याच असतील. हे सांगते, कारण तुझं गाणं तुझ्या मुलीच्या आणि कदाचित नातीच्याही हाती जाणारं आहे. त्याची वही नीट ठेव.

आता एक नाजूक गोष्ट. तू मागच्या लग्नात म्हटलेलं ते हळदीचं गाणं सगळ्यांना आवडलं, पण त्याचं ध्रुवपद धवल्यातलं होतं. आपल्याकडे ठाणे-रायगडच्या आगरी, कोळी घरांत धवलारणी पिढ्यान्‌पिढ्या लग्न लावत आल्या, मांडवात एकेका विधीला त्यांचा धवला ठरलेला. ती गाणी कोणा एकीची नाहीत आणि म्हणूनच तुझीही नाहीत. धवल्यावर तू जी नवी कडवी रचलीस, त्यावर तुझा हक्क आहे. मूळ धवल्यावर तो सांगू नकोस, कोणी तुझ्या नावावर लावायला निघालं तर लावू देऊ नकोस. यूट्यूबवर टाकशील तेव्हा 'पारंपरिक' असं स्पष्ट लिही आणि पुढे आपल्या कडव्यांसाठी आपलं नाव. ज्या म्हातारीकडून शिकलीस तिचंही नाव लिही गं. कायद्याने ते बंधनकारक नाही, पण तिने तुला गाणं दिलंय. गी पॉइटविन आणि हेमा रायरकर यांनी महाराष्ट्रभरच्या बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही टिपून ठेवलं. आज त्या ओव्या ऐकताना कोण गातंय ते कळतं. मला त्या कामाबद्दल फार आदर आहे.

आणि नाव लिहिण्याबद्दल आपल्याला कोणी शिकवायची गरजच नाही. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपली मुद्रा घातली, जनाबाईंनी घातली, संत बहिणाबाईंनी घातली. वामनदादा कर्डकांनी गावोगाव भीमगीतं गायली, शेकडो गायकांनी ती उचलली, पण शेवटच्या कडव्यातल्या 'वामन'ने गाणं कोणाचं ते सांगितलं. तुझ्या भजनांत तू मुद्रा घालायला लाजतेस, मोठेपणा वाटेल म्हणून. घाल. मुद्रा असली की चोरी थांबते असं नाही. तुकोबांच्या गाथेतही दुसऱ्यांचे अभंग त्यांच्या नावाने शिरले आहेत. पण गाणं कसाऱ्यापासून पनवेलपर्यंत तोंडोतोंडी गेलं तरी तुझं नाव त्याच्याबरोबर जातं, आणि ते नाव काढायचं म्हटलं तर कडवंच मोडावं लागतं.

जळगावच्या बहिणाबाई चौधरींची गोष्ट तर तुला पाठच हवी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, घरकामात त्या रचत गेल्या, आणि त्यांचा मुलगा, कवी सोपानदेव, आणि एक नातलग यांनी जे टिपून ठेवलं तेवढंच आपल्या हाती लागलं. 3 डिसेंबर 1951 ला त्या गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये 'बहिणाबाईची गाणी' छापून आली. मराठीतली एवढी मोठी कवयित्री, आणि तिच्या हयातीत एकही पुस्तक नाही. जे कोणी टिपलं नाही ते तिच्याबरोबर गेलं. तुझ्याकडे मोबाईल आहे, वही आहे, शाळा शिकलेले हात आहेत. तरी तू रचून झाल्यावर म्हणतेस, लक्षात आहे माझ्या. लक्षात असून भागत नाही. गाणं सुचलं की त्याच दिवशी वहीत लिही, तारीख घाल, खोडाखोड तशीच राहू दे. खोडाखोड हा तुझा मोठा पुरावा आहे, कारण चोराच्या वहीत ती नसते. चाल मोबाईलवर म्हणून ठेव आणि ती फाईल स्वतःच्याच ईमेलवर पाठवून दे, म्हणजे तारीख लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर भरवसा ठेवू नकोस. फोन बदलला की निम्मं जातं. जुना फोन विकायची घाई करू नकोस, कोर्टात मूळ यंत्राला किंमत असते.

स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने बंद पाकीट पाठवून ते न उघडता ठेवायचं, असं तुला कोणी तरी सांगितलंय. आपल्या कायद्यात त्याला वेगळं स्थान नाही. पाकिटावरच्या शिक्क्याने फार तर पाकीट कधी फिरलं ते कळतं, आत काय होतं आणि कधी घातलं ते नाही. त्यातून 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीनही झालं. तो खर्च नको.

आता नोंदणी. जे गाणं तू दुसऱ्याच्या हातात देणार आहेस, पैशासाठी किंवा प्रसिद्धीसाठी, ते आधी नोंदव. जे मांडवात, मंडळात, गाडीत गायचं आहे, ते राहू दे. केंद्र सरकारचं कॉपीराइट कार्यालय दिल्लीत द्वारकेला आहे, पण जायला लागत नाही. त्यांच्या संकेतस्थळावर खातं उघडून नमुना 14 भरायचा. शब्दांसाठी, म्हणजे साहित्यकृती म्हणून, 500 रुपये. चालीसाठी वेगळा अर्ज, वेगळे 500. रेकॉर्डिंग नोंदवायचं असेल तर 2,000 रुपये. चाल नोंदवताना स्वरलेखन करून जोड. तुला येत नसेल तर पेटी शिकवणाऱ्या सरांकडून करून घे, अर्ध्या तासाचं काम आहे. शब्द आणि चाल दोन्ही तुझे असतील तर कोणाची संमती लागत नाही. चाल मामांची असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र घे, आणि त्या निमित्ताने त्यांच्याशी नीट बोलूनही घे.

अर्ज भरला की डायरी क्रमांक मिळतो. मग 30 दिवस थांबतात, कोणाची हरकत येते का ते पाहायला. मग तपासणी, काही त्रुटी असेल तर पत्र, आणि शेवटी प्रमाणपत्र. त्याला महिने लागतात, म्हणून लग्नसराईच्या तोंडावर धावपळ करून उपयोग नाही. एकेक गाणं नोंदवायला पैसे जातात असं वाटलं तर वहीतली वीस-पंचवीस गाणी निवड, संग्रहाला एक नाव दे आणि कवितासंग्रह नोंदवतात तसा तो एक साहित्यकृती म्हणून नोंदव. शब्दांपुरतं 500 रुपयांत भागतं. एजंट त्यांची वेगळी फी लावतात. तू बारावी झालेली आहेस, बँकेचे अर्ज भरतेस, हाही भरशील.

प्रमाणपत्राने काय होतं ते मात्र नीट समजून घे. सरकार तुझं गाणं ऐकून 'हे हिचंच' असं ठरवत नाही. नोंदवहीतली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते, एवढंच. म्हणजे 'तुझं नाही' हे दाखवायचं ओझं समोरच्यावर जातं. ते ओझं मोठं असतं, म्हणून 500 रुपये वाया जात नाहीत.

पण खरं सांगू? मला चोराची भीती कमी वाटते. भीती वाटते ती त्या कागदाची, जो तुझ्यापुढे चहा देऊन, पाठ थोपटून ठेवला जाईल. कल्याणच्या त्या चॅनलवाल्यांनी तुला बोलावलंय, गाणं आवडलंय, व्हिडिओ करतो म्हणालेत, तुझं नाव टाकतो म्हणालेत. जा. जरूर जा. असं बोलावणं येतं तेव्हा घरच्यांनी पाय ओढू नयेत असं मला वाटतं, आणि आई काही म्हणाली तर मी आहे. पण तिथे बसून सही करू नकोस. कागद घरी आण.

त्यात काय पाहायचं? गाण्याचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कायद्याला लेखी कागद आणि तुझी सही लागते. तोंडी 'दिलं' म्हटल्याने जात नाही. त्यांनी तुला दोन हजार रुपये दिले म्हणूनही जात नाही. तू त्यांच्याकडे पगारी नोकरीला असतीस तर गोष्ट वेगळी. म्हणून तुझी सही हीच किल्ली आहे. कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन वर्षभर त्यांनी गाणं वापरलंच नाही, आणि कागदात वेगळं काही नाही, तर तो हक्क तुझ्याकडे परत येतो. बघ, कागद गप्प राहिलेल्या जागी कायदा तुझ्या बाजूने बोलतो. म्हणूनच छापील कागदात त्या जागा भरून ठेवलेल्या असतात: 'कायमस्वरूपी', 'संपूर्ण जगभर', 'सर्व माध्यमांत, आज अस्तित्वात असलेल्या आणि भविष्यात येणाऱ्या'. हे शब्द दिसले की थांब. 'कायमस्वरूपी'च्या जागी तीन किंवा पाच वर्षं लिहून माग. हक्क देण्याऐवजी वापरायची परवानगी देते, असं म्हणून बघ. परवानगीत मालक तूच राहतेस. ते नाही म्हणाले तर निदान कळेल की त्यांना गाणं हवंय की तुझं सगळंच हवंय.

आणि एक गोष्ट सहीनेही जात नाही, ती लक्षात ठेव. 2012 मध्ये कायदा बदलला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि गीतकार-संगीतकारांसाठी त्यांनी तो विषय लावून धरला. त्याआधी 1977 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे सिनेमातल्या गाण्यांचा पैसा निर्मात्याकडेच जात राहिला होता. बदलानंतर असं झालं की सिनेमात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा बरोबरीचा वाटा त्याला विकता किंवा सोडून देता येत नाही, वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. म्हणजे कागदात 'मी रॉयल्टीवरचा सर्व हक्क सोडत आहे' असं वाक्य असलं, तरी कायद्यापुढे ते टिकत नाही. ती रॉयल्टी गोळा करणारी संस्था मुंबईत आहे, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, 1969 पासून. गाणं प्रसिद्ध झालं की तिची सभासद हो आणि गाण्याची माहिती दे. पहिल्या वर्षी हाती फारसं येणार नाही. तरी हो. तसंच, तुझ्या गाण्यावर तुझं नाव लागण्याचा आणि तुझी बदनामी होईल अशी त्याची मोडतोड थांबवण्याचा हक्क, गाणं विकलं तरी तुझ्याकडेच राहतो. तुझ्या भजनात कोणी द्व्यर्थी ओळ घुसवली तर तू हात जोडून बसायचं नाहीस.

घरातल्या कागदाबद्दलही बोलते, जरी ते तुला आवडणार नाही. मामांशी, ढोलकी वाजवणाऱ्या पोराशी, ट्रॅक करून देणाऱ्या कीबोर्डवाल्याशी एका पानावर लिहून ठेव. शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंगचा खर्च कोणी केला, पैसे आले तर कसे वाटायचे, तारीख, सह्या. आपल्याकडे कागद मागितला की अविश्वास वाटतो. पण गाणं चाललं नाही तर त्या पानाची गरजच पडत नाही, आणि चाललं तर त्या पानामुळे माणसं टिकतात. मामांना मी समजावते, तू काळजी करू नकोस.

समजा, चोरी झालीच. आधी खात्री कर की चोरी आहे. हळद, नवरी, भातसा नदी, टिटवाळ्याचा गणपती हे विषय सगळ्यांचे आहेत. कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच हे स्पष्ट केलं. नुसत्या शीर्षकावरही नसतो. 'देसी बॉईज' या नावावरून एका लेखकाने सिनेमावाल्यांवर फौजदारी तक्रार केली होती, 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पण तुझा मुखडाच उचलला असेल, तर 'थोडंसंच घेतलंय' ही सबब चालत नाही. राम संपत यांनी जाहिरातीसाठी केलेली एक छोटी धून 'क्रेझी 4' सिनेमाच्या गाण्यांत आली, तेव्हा ते 2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दोन्ही ऐकून पाहिली आणि सिनेमा त्या गाण्यांसह प्रदर्शित करायला मनाई केली. मग निर्मात्यांनी तडजोड केली, दोन कोटी रुपयांची. किती सेकंद घेतले यापेक्षा ऐकणाऱ्याच्या कानात राहणारा भाग घेतला का, हे तिथे महत्त्वाचं ठरलं.

तर खात्री झाली की आरडाओरडा करण्याआधी त्या व्हिडिओचं पान, तारीख, लिंक, किती जणांनी पाहिला, सगळं टिपून ठेव, कारण बोंब झाली की ते काढून टाकतात. मग यूट्यूबचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भर, त्याला पैसे पडत नाहीत. खोटी तक्रार मात्र कधी करायची नाही. तेवढ्याने भागलं नाही तर वकील. आणि इथे दोन गोष्टी बहुतेक बायकांना ठाऊकच नसतात. एक, कॉपीराइटचा दावा तू राहतेस त्या जिल्ह्यात लावता येतो, म्हणजे समोरचा दिल्लीचा असला तरी तुझ्यासाठी ठाणे जिल्ह्याचं न्यायालय आहे. दुसरी, 1987 च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. 'वकील कुठून परवडणार' हे वाक्य आपल्या घरात पुन्हा कोणी बोलू नये.

आणि हे सगळं ऐकून गाणं कुलपात ठेवू नकोस गं. शेजारच्या पाड्यावर हळदीला बायकांनी तुझं गाणं म्हटलं तर तो गुन्हा नाही. लग्नाच्या विधीला आणि वरातीला कायद्यानेच मोकळीक दिली आहे. म्हणू दे त्यांना. कसारा लोकलच्या भजनी डब्यात तू नवीन चाल पहिल्यांदा म्हणतेस आणि टाळ धरणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून ओळखतेस की अंतरा लांबलाय, ती परीक्षा कुठल्या स्टुडिओत होणार आहे? तिथे गा. फक्त गाडीत बसण्याआधी मोबाईलवर एकदा म्हणून ठेवलेलं असू दे.

कल्याणवाल्यांना उद्या फोन कर आणि कराराचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांग. पाठवायला टाळाटाळ केली तर मला कळव. आला की तसाच मला पाठव, मी एकेका ओळीवर खुणा करून देते, आणि रविवारी सकाळच्या गाडीने येते. मामांनाही थांबवून ठेव, त्यांच्या चालीचं ते ना-हरकत पत्र तेव्हाच लिहून घेऊ.